पाव टक्का

दर मंगळवारी तेच दुकान, तोच नग, तेच माप.
आमच्या खात्याचा नियम.
ज्वारी, मालदांडी, मध्यम प्रत, एक किलो.
शेंगतेल, सुटं.
विड्यांचं बंडल.
पुरुषाची हजामत, साधी.

साखर पेठेतला चनबसप्पा मान वर न करता बोलतो,
"तेल चार रुपये चढलंय, लिही.
बिस्किटाचा पुडा तोच."
मी पुडा उलटा करते, मागचं वजन वाचते.
बारा ग्रॅम कमी.
तेवढी महागाई वेष्टनात बसून आली होती,
तिकीट न काढता.
तीही लिहिते.

माझे आकडे वर जातात.
वर म्हणजे कुठे, मी पाहिलेलं नाही.
तिथे म्हणे ते इतर गावांच्या आकड्यांत विरतात,
रंगाच्या हौदात एक वाटी ओतावी तसे.
मग दोन महिन्यांनी टीव्हीवर
इस्त्रीचा एक आवाज सांगतो,
पाव टक्का वाढ.
ताट जरासं सरकवावं, इतक्या हळू.

आमच्या मागच्या बोळात राजेशम यमूलचे बारा माग.
बंदीच्या काळात नऊ झाकलेले होते,
त्याच्याच न खपलेल्या चादरींनी.
यंदा टॉवेलांची ऑर्डर आली
आणि बोळाला आवाज आला.
बाया पुन्हा ओरडून बोलू लागल्या.
आम्ही पूर्वभागातले असेच बोलतो, मागांच्या वरून.
त्या दोन वर्षांत हळू बोलायला शिकलो होतो,
ते बरं नव्हतं.

परवा त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला.
हप्ता अकराशे चाळीसनं वाढलेला.
"ताई, हे कशासाठी?"
तेल उतरावं म्हणून, मी म्हटलं.
"मग तेलवाल्याचा वाढवा की.
माझ्या टॉवेलला लोक हात पुसतात,
तेवढाच माझा नि तेलाचा संबंध."
हसलो दोघंही.
ते चार रुपये मी लिहिलेत,
हे सांगायचं राहिलं.
राहिलं म्हणजे, ठेवलं.

पण त्याच्याच ओट्यावर नर्सव्वा विड्या वळते.
छाट जाऊन हजाराला जे मिळतं
ते तीन वर्षं तसंच आहे.
तिच्या नावावर कर्ज नाही, कारण कुणी दिलंच नाही.
तिला ऑर्डरही नाही, हप्ताही नाही,
आहे ती फक्त चनबसप्पाची वही.
मला विचारते, "माझ्या वाटचं कोण बोलायलंय तिथं वर?"
मी त्या इस्त्रीच्या आवाजाचा विचार करते
आणि गप्प राहते.
बोलत असेलही. तिला त्यानं पाहिलं नसलं तरी.

इलय्या जॉबर मागाच्या पाठीमागे वाकलेला.
दांडीवरचं लोखंडी वजन
एक खाच पुढं सरकवतो.
ढिलं राहिलं तर कापड पोचट.
जास्त ताणलं तर तार तुटते.
किती, हे कसं कळतं?
"हाताला."
आणि चुकलं तर?
तो वैतागतो. "आत्ता कुठं दिसणार?
दोन हात कापड पुढं गेलं की मग कळतं.
तोवर विणत राहायचं."

पुढच्या मंगळवारी टोमॅटो.
चनबसप्पा म्हणाला, "जरा कमी लिही की, कुणाचं तरी भलं होईल."
कुणाचं, ते दोघांनाही ठरवता आलं नाही.
होता तोच लिहिला.
हजामत मात्र जुन्याच दरात.
सत्यनारायण न्हावी म्हणाला,
"मी भाव वाढवला की गिऱ्हाईक दाढी वाढवतं."
याला शेरा लागत नाही. समान, असं लिहिलं.

रात्री पडल्या पडल्या कानानं माग मोजते.
नऊ, दहा, अकरा.
बाराव्याचा ठोका येत नाही.
तार तुटली असेल, कांडी संपली असेल,
नाहीतर राजेशमनं स्वतःच बटण दाबलं असेल.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नाही.
मी कूस बदलते,
पुन्हा एकपासून.